रविवारपर्यंतची पानं

—नाही हो सिस्टर, रडत नाहीये मी. डोळ्यांतून पाणी येतं ते आपोआप, त्यात माझा काही संबंध नाही. तुम्ही वजन घ्या त्याचं. भरलं ना? भरणारच. दूध पितो, ढेकर देतो, फक्त झोपत नाही. म्हणजे झोपतो — खांद्यावर. खाली ठेवला की झाली बोंबाबोंब. सासूबाई म्हणतात, आमची चार पोरं कशी पडल्या पडल्या झोपायची. नवरा म्हणतो, तू टेन्शन घेतेस म्हणून तोही घेतो. तीन महिन्यांचं पोर, अजून काय घेणार बिचारं?

वही बघा की. मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, झोपेची नोंद ठेवा. आता नोंदीचं मला काय सांगायचं — औषधांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नऊ वर्षं काढलीत मी. दर तासाला काट्यावरचं तापमान बघायचं, लिहायचं, सही ठोकायची. चुकलं तर अख्खा माल फेकून द्यावा लागतो. एक चूक काढून दाखवा माझी. नऊ दहाला झोपला, नऊ बत्तीसला उठला, कुणी झोपवलं — सगळं आहे. परवा तो पहिल्यांदा खळखळून हसला, तेही आहे. घरातले सगळे गोळा झाले, सासूबाईंनी तर शेजारणीलाही हाक मारली. मी वेळ लिहिली. प्रेम? येतं की. म्हणजे — यायला हवं. खरं सांगू? कुणाचं तरी मूल सांभाळायला घेतल्यासारखं वाटतं. नीट सांभाळायचं आणि परत द्यायचं. पण न्यायला कुणी येतच नाही.

पुढची पानं? हो, भरलीत. आज मंगळवारच आहे, ठाऊक आहे मला. खोट्या नोंदी नाहीत हं त्या, असले धंदे मी कधी केले नाहीत. आमच्याकडे पद्धतच आहे — सुट्टीवर जायच्या आधी पुढच्या माणसासाठी पानं तयार करून ठेवायची. काय कधी करायचं, कुठलं दार घट्ट बसत नाही, अडलं तर फोन कुणाला. नाहीतर मागच्यांची पंचाईत होते. म्हणून लिहिलंय — दहाला सासूबाईंनी घ्यावं, डाव्या खांद्यावर, उजव्यावर तो थांबत नाही. दुपारी बाटली, सवय लावलीय मी आठवडाभर, आता कुरकुरत नाही. संध्याकाळी त्याच्या बाबांनी. पिवळं दुपटं एवढ्यात धुवू नये, माझा वास आहे त्याला.

माझं नाव? नाहीये. उद्यापासून रविवारपर्यंत कुठेच नाहीये, बरोबर बघितलंत. सुट्टीवरच्या माणसाचं नाव लिहीत नाहीत.

कुठे म्हणजे — कुठे नाही हो. माझं कोण आहे जायला? तसं नाही ते. मी नसले की तो झोपेल, एवढंच वाटतं मला. लिहिताना वाईटसुद्धा वाटलं नाही. उलट जरा — हलकं वाटलं. हे बोलायचं नव्हतं मला. सासूबाईंना सांगू नका, त्या उगाच घाबरतील.

निघा आता, तुमची पुढची घरं राहिलीत. वही द्या इकडे. द्या ना. अहो, बॅग का खाली ठेवलीत? फोन कुणाला लावताय? डॉक्टर कशाला — मला ताप नाही, काही नाही. माझा हात सोडा, सिस्टर. दुधाच्या बाटल्या उकळायच्यात, सोडा.

...नका सोडू.