अकरा रोपं

चोपड्याच्या बसस्थानकावर ज्योत्स्नाच्या शेजारी बसलेलं सातपुड्यातलं म्हातारं जोडपं, रुपसिंग आणि गुंताबाई, मजुरीसाठी सुरतेला निघालं होतं.

"घरच्या हंड्यातलं पाणी कोठे गेलं?" रुपसिंगने विचारलं.

"डोंगरावरच्या रोपांना टाकलं."

"तीनशे लावली. जगली किती?"

"अकरा."

"जंगल तुटलं, तसा झरा बी आटला. आता पाणी कोण घालीन?"

"ती अकरा बी बठ्ठी मेली तं झरा परत कसा येईन?"

सुरतेची गाडी लागली, तेव्हा ज्योत्स्नाने पाय आखडून दोघांना वाट दिली.

"चल," रुपसिंग म्हणाला.

"तुम्ही जा. नदी दोन कोस शे, मी आणीन पाणी."

रुपसिंग एकटाच चढला. गुंताबाईने खिडकीतून भाकरीचं गाठोडं दिलं.

"हे तं दोघांचं शे."

"तुम्हाला उद्या बी पुरीन."