सरांना झाली एकदाची!

...आणि वर म्हणतात कसे, 'पाणी जास्त झालं!' तीन वर्षं, तुम्हाला सांगते, तीन वर्षं हेच उत्तर! अहो, पाणी प्यायचंच सोडून दिलेलं, मग जास्त होईल कुठून? लग्नाला निघालो, चप्पल घातली की हे परत बाथरूममध्ये, आणि आत गेले की कुकरच्या तीन शिट्ट्या होतात तरी बाहेर येत नाहीत! मी म्हणायचे, 'अहो, डॉक्टरांना दाखवू या.' तर म्हणायचे, 'मंदाकिनी, मी भूमितीचा शिक्षक आहे. असले विषय मी चारचौघांत काढत नाही.' आता एकटा डॉक्टर म्हणजे चारचौघं का? पण आमचे श्यामसुंदर सर! ताठ माणूस, काय सांगू!

मग आमच्या आमोदच्या कंपनीनं आईवडिलांना हिंजवडीला बोलावलं. काचेची इमारत, गळ्यात पट्टे, फुकटची कॉफी... पोराच्या कौतुकात सरांनी दोन कप घेतले! परतताना कंपनीची बस अडकली. एक तास, दीड तास... ह्यांच्या कपाळावर घाम, नजर खिडकीबाहेर. आमोद म्हणाला, 'बाबा, आर यू ओके? बस थांबवायला सांगू?' तर म्हणाले, 'बस थांबलेलीच आहे.'

घरी पोचलो, तर थेंब होईना! पोट हे एवढं फुगलं, कळा सुरू... तडक हॉस्पिटल! डॉक्टर म्हणाले, 'त्रास कधीपासून?' हे म्हणाले, 'आजच.' मी ओरडले, 'तीन वर्षं!' नळी घातली, लिटरभर निघाली, तेव्हा कुठे चेहऱ्यावर रंग आला, आणि पहिलं वाक्य काय? 'हिचं उत्तर बरोबर आहे.' तेहतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा!

प्रोस्टेट वाढलेलं. दुर्बिणीतून ऑपरेशन, पोटावर टाका नाही. आदल्या संध्याकाळी माझा हात धरून हळूच म्हणाले, 'मला कॅन्सरच वाटत होता गं. म्हणून बोललो नाही. बोललो तर खरा ठरेल असं वाटायचं.' तपासण्यांत तसलं काही नव्हतं हो! पण तीन वर्षं ही भीती एकट्यानं पोटात ठेवली... ताठ माणूस, काय सांगू!

ऑपरेशन झालं. पिशवीत आधी लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ. तिसऱ्या दिवशी विजयमाला सिस्टर आल्या, 'सर, नळी काढतेय. आता आपली आपण व्हायला पाहिजे, नाही तर परत नळी!' झालं! सगळा वॉर्ड कान लावून! शेजारचे आजोबा दर पाच मिनिटांनी, 'झाली का?' आमोदचा अमेरिकेतला साहेब फोनवर, त्याला हा सांगतोय, 'नो सर, नॉट येट!' मी देवाचं नाव घेत दाराशी. आणि दार उघडलं. सर बाहेर आले, गाऊनची नाडी सुटलेली, पण मान अशी वर! म्हणाले, 'झाली. आणि रेषाखंड नव्हे... रेषा!'

वॉर्डनं टाळ्या वाजवल्या हो! मी रडले.

पुढे सहा आठवडे जड उचलायचं नाही, स्कूटर नाही. मग धायरीच्या ज्येष्ठ नागरिक संघात ह्यांचं भाषण होतं, विषय 'भूमितीचा इतिहास'. उभे राहिले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, 'मी तीन वर्षं लाजलो. मूर्खपणा केला. तुमच्यापैकी कोण कोण करतंय, हात वर करा.' मग एक हात वर आला... मग दुसरा... अकरा! अकरा जण महिन्याभरात डॉक्टरकडे जाऊन आले. मी पहिल्या रांगेत, पदर सावरून बसलेली. छाती फुगते हो अशा वेळी!

आता रोज कुणी ना कुणी दारात. हे पाटीवर आकृती काढून समजावतात आणि मी चहा करते. परवा खाली कुणीतरी विचारलं, 'श्यामसुंदर सर कुठे राहतात?' तर वॉचमन म्हणतो, 'ते लघवीवाले सर? दुसरा मजला!' चौतीस वर्षं भूमिती शिकवली, आणि हे नाव! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांना म्हटलं, 'ऐकलंत का हो? बोला काहीतरी त्याला!'

तर गॅलरीतून वाकून ओरडले, 'तिसरा! तिसरा मजला!'


घ्या!