मोठेबाबांनी पुसलेला डाव

आमच्या घरचा एक नियम ऐका. फोन खाली ठेवायच्या आधी मागे उघडी राहिलेली सगळी ॲप्स बोटाने पुसायची, नाहीतर बॅटरी जळते. नियम मोठेबाबांचा, म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाचा, त्यामुळे का म्हणून विचारायचं नाही. फोनला स्वतःची अक्कल असते हे त्यांना मान्यच नाही.

परवा पप्पा माझ्या ताईच्या सासऱ्यांशी ऑनलाइन लुडो खेळत होते. सासरे तिकडे देऊळगाव राजाला. पप्पांची एकच सोंगटी घरात जायची राहिली, तेवढ्यात दूधवाला आला. पप्पा उठले. मोठेबाबांनी फोन उचलला आणि लुडो पुसून टाकला.

लगेच व्याह्यांचा कॉल आला. पप्पांनी परत येऊन तो घेतला आणि फोन टेबलावर ठेवला; ते नेहमी स्पीकरवरच बोलतात.

"काय हो व्याही, डाव सोडून पळाले? गेमनं तर मलेच जिंकवून टाकलं."

पप्पांचा चेहरा उतरला. "दादा, हे काय केलं?"

"बॅटरी खाऊन राह्यला होता तो गेम," म्हणत मोठेबाबांनी व्याह्यांचा कॉलही बोटाने वर सरकवून पुसला आणि माझ्याकडे वळले. "तू सांग त्याइले, नेटवर्क गेलं होतं म्हनून. तू कॉलेज शिकेल हायेस, तुह्यं पटते."

"हाव, सांग बरं," पप्पाही म्हणाले. "पोरीच्या सासरी इज्जतीचा सवाल हाये."

"मी खोटं नाही सांगत," मी म्हटलं. "आन् सांगून फायदाही नाही. पुसल्यानं गेम बंद होते, कॉल नाही. तो मागं चालूच राह्यते. व्याही अजून ऐकून राह्यले."