पायाच्या मशीनबाबत

दि. १०/०२/२०२६, वेळ सकाळी ११.२०

मी मुंजाबा लिंबाजी शिंगाडे, वय ५७ वर्षे, धंदा नोकरी (वाळूज येथील एका कंपनीत गेटवर सुरक्षारक्षक, पायामुळे आठ महिने घरी), राहणार बिडकीन, ता. पैठण. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, मुलगा हनुमान, सून ज्ञानेश्वरी व दोन नाती असे राहतो. सून पाच महिन्यांची गरोदर आहे. माझ्या डाव्या घोट्याच्या वर दोन वर्षांपासून जखम आहे. एकोणीस वर्षे गेटवर उभे राहून पायाच्या शिरा फुगल्या, रक्त वर चढत नाही, म्हणून जखम भरत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. हळद, कडुनिंब, नाना मलमे करून झाली. उपयोग काडीचा झाला नाही.

शहरातील एका दवाखान्याच्या नर्स लुबना मॅडम दि. २४/११/२०२५ पासून दर सोमवारी व गुरुवारी दुपारी स्कूटीवर आमच्या घरी येतात. जखम धुतात, दहा मिनिटे मशीन चालवतात, मग बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधतात. पट्टी हेच मुख्य औषध, मशीन ही तिला जोड, फायदा होईलच असे नाही, हे त्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तोंडावर असे सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला, म्हणून हो म्हणालो.

मशीन कसे आहे असे विचारल्यावरून सांगतो की, एक डबा व त्याला वायरने जोडलेली हातात धरायची दांडी आहे. दांडीच्या टोकातून सलाईनचे बारीक तुषार जखमेवर उडतात. त्यासोबत माणसाला ऐकू न येणारा आवाज जातो, असे मॅडम म्हणाल्या. ऐकूच येत नाही तर आवाज आहे हे कशावरून, असे मी विचारले. मला विचारायची खोड आहे. गेटवरही नुसती पावती पाहून मी कधी गाडी सोडली नाही.

मेंढरे विकल्यावर आमच्याकडे एक म्हातारा कुत्रा राहिला आहे. मशीन सुरू झाले की तो कान पाडून उठतो आणि लिंबाखाली जाऊन बसतो. तो तुषारांना भीत असेल म्हणून मी मॅडमना मशीन बंद ठेवून बाटलीतले सलाईन शिंपडायला लावले. कुत्रा हलला नाही. तीन सोमवार असे करून पाहिले, तिन्ही वेळा तेच झाले. मॅडम हसायच्या, पण दर वेळी करून दाखवायच्या. कुत्र्याचे जबाबात घेता येत नाही असे हवालदारांचे म्हणणे पडले. मी म्हणालो, माझ्या नावावर घ्या. मशीनला पडदा नाही, त्यात चित्र दिसत नाही. फक्त मिनिटांचा आकडा दिसतो.

हॉटेलवर चहा पिताना, ती मॅडम काय करते, असे लोकांनी मला विचारले. सोनोग्राफीत असतो तसलाच आवाज, असे मॅडमनी मला समजावले होते. त्यातला मला एकच शब्द आठवला आणि मी सोनोग्राफी म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून गावात मॅडमना सोनोग्राफीवाली म्हणतात. ही चूक माझी आहे.

दर सोमवारी मॅडम पारदर्शक कागदावर पेनाने जखमेची कड उतरवून घ्यायच्या. ते बारा कागद मी सोबत आणले आहेत. पहिल्या कागदावरची जखम पेरूच्या फोडीएवढी आहे, शेवटची चिंचोक्याएवढी. हे मशीनने झाले की पट्टीने, ते मला सांगता येत नाही. मॅडमनाही येत नाही, मी विचारले होते.

काल सोमवारी दुपारी २.३० वाजता गर्भतपासणीची तक्रार आल्यावरून आरोग्य खात्याचे लोक व पोलीस आले. त्यांनी मशीन ताब्यात घेतले आणि मॅडमना ठाण्यात नेले. पट्टी अर्धीच बांधून झाली होती. घरात कोणी गर्भाबद्दल विचारले होते का, असे मॅडमना विचारले असता, ते काका सांगतील, एवढेच त्या बोलल्या, असे मला समजले. मी बोललो नाही तर त्यांची नोकरी जाते आणि त्यांच्यावर केस होते.

म्हणून सांगतो की, गुरुवार दि. ०५/०२/२०२६ रोजी मशीन चालू असताना मी मॅडमना विचारले, "मॅडम, हेच मशीन आमच्या सुनेच्या पोटावर धरलं तर पोरगा हाय का पोरगी, ते कळंल का?"

मॅडमनी मशीन बंद केले. म्हणाल्या, "काका, यात काहीच दिसत नाही. आणि दिसत असतं तरी मी सांगितलं नसतं." एरवी जाताना त्या नातींशी दोन शब्द बोलतात, त्या दिवशी बोलल्या नाहीत. पट्टी मात्र रोजच्यासारखीच नीट बांधली.

नुसते विचारणे हाही गुन्हा आहे, हे साहेबांनी मला समजावून सांगितले आहे. ते समजून मी वरील सांगत आहे.

तक्रार हॉटेलवरच्या कोणीतरी केली असे मी धरून चाललो होतो. आज सकाळी चहा देताना ज्ञानेश्वरी म्हणाली, "मामा, फोन म्या केला. तुमचा सवाल मला आत ऐकू आला. मॅडम काय बोलल्या ते नाय आलं." मी तिला रागावलो नाही. मला लाज वाटली. चहा तसाच राहिला. तिच्यावर कोणी दबाव आणू नये, आमच्या घरातल्यांनीही, असे माझे म्हणणे आहे. लुबना मॅडमचा यात काही दोष नाही. मशीन त्यांना परत मिळावे. माझ्या पायासाठी नको असेल तर दुसऱ्या कोणाच्या पायासाठी मिळावे.

हा जबाब मराठीत टाईप केला असून हवालदारांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. हवालदारांनी माझ्या भल्यासाठी "मॅडमना सहज विचारले" असे घातले होते. त्यातला "सहज" हा शब्द मी खोडायला लावला आहे. खोडल्या जागी माझी सही आहे.

(सही) मुंजाबा लिंबाजी शिंगाडे