ड्रुरीची शेवटची बाटली

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं लिओना, तू होय. जरा मोठ्याने बोल, मी मागच्या दारात उभी आहे… हो, बर्नडीनच बोलतेय. या घरात दुसरं कोण उचलणार फोन? आपला भाऊ क्लीटस तर घसा गेल्यापासून फोनला हातच लावत नाही…

हो, हो, आलं पार्सल. काल आलं… अगं व्यवस्थित आलं. पायमोजे काय, टॉवेल काय, वर त्या वर्तमानपत्रांच्या घड्या. तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशी गुंडाळली होतीस बाटली… नाही, फुटली नाही. थेंब सांडला नाही…

क्लीटसने खाल्लं का? … ऐक ना… अगं हो, तेच सांगतेय, पण मला पहिल्यापासून सांगू दे. तू मधे बोललीस की माझं सगळं विसकटतं…

आधी एक सांगते. तुझे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही… नाही, म्हणू दे मला. मटणावर ओतायचं ड्रुरीचं काळं डिप, जगातली शेवटची बाटली, आणि तू ती सरळ पोस्टाने पाठवून दिलीस. सख्ख्या नवऱ्याला चमचाभर दिलं नव्हतंस त्यातलं… माहीत आहे ना मला. आई गेली तेव्हा तिच्या फडताळातून दुसरं काही मागितलं नाहीस तू, ना चांदीचे चमचे, ना ती गोधडी. ही बाटली उचललीस आणि टूसॉनला घेऊन गेलीस. मी तेव्हा मनात म्हटलंही होतं, घेतली बघा हिने चांगली वस्तू…

हो, मग. इथे तरी कुठे राहिलंय? ड्रुरीच्या मुलांनी कारखाना विकला तेव्हा अख्ख्या ओवेन्सबरो गावाने दुकानं लुटल्यासारख्या बाटल्या घरी नेल्या. त्या संपल्या. मग जो तो शेवटची जपून ठेवायचा, त्याही एकेक करून उघडल्या… आता तिथे? आता तिथे गोदाम आहे, लोक जुने सोफे ठेवतात… हो ना गं. आणि आठवतं, ज्या दिवशी तिथे डिप शिजायचं त्या दिवशी शाळेत सिस्टर खिडक्या लावून घ्यायच्या? … तरी वास यायचाच. व्हिनेगर, मिरी, कबाबचिनी. गणिताच्या तासाला अख्ख्या वर्गाच्या पोटात कावळे… बाबा तर काय, अंड्यावर ओतायचे, बटाट्यावर ओतायचे. आई म्हणायची, कॉफीत तेवढं घालू नका… हो, लेबलावरचा मेंढा. एक शिंग पुसट छापलेला. आपण त्याला लंगडं शिंग म्हणायचो… नाहीतर तुमच्याकडचं ते सॉस. टोमॅटोचा पाक नुसता. मटणावर जाम फासल्यासारखं लागतं. तू कशी खातेस गं ते? … सवय म्हणे.

बरं, कुठे होते मी? … क्लीटस. हं.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुला माहीत आहेच. आजार गेला, गिळताही येतंय, पण हा खातच नाही. आणखी वजन उतरलं तर पोटात नळी घालायची… हो गं, हाच सोमवार. परवाच. म्हणून तर माझी झोप उडालीये… अगं त्याला चवच लागत नाही. ते किरणांचे शेक संपले तेव्हापासून म्हणतो, जिभेचं पायपुसणं झालंय. चर्चच्या बायकांनी काय कमी केलं का? मटण, कणसं, भाज्या घालून मोठ्या पातेल्यातला बर्गू आणला, मक्याची भाकरी आणली, मिल्ड्रेड तर रोज खीर आणते. हा एक घास घेतो, चावतो, आणि रुमालात काढून टाकतो. मग ताट सरकवतो. बोलत काही नाही. त्याचं ते न बोलणं मला सोसत नाही, लिओना. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडतो…

आणि मग त्या दिवशी आपणहून म्हणाला ना, ड्रुरीचं डिप असतं तर एखादा घास उतरला असता. म्हणून तर तुझ्यापुढे पदर पसरला मी…

हो, हो, सांगतेय. तर आज जेवायच्या वेळेला. सकाळीच जाऊन मटण आणलं, म्हाताऱ्या मेंढीचं, हिकरीच्या लाकडावर भाजलेलं. आईची चांगली ताटं काढली. क्लीटसला खुर्चीत बसवलं. तो बाटलीकडे बघतोय, लेबलावर अंगठा फिरवतोय. मी प्रार्थना म्हटली. आईने झाकणाला अशी काही चिकटपट्टी गुंडाळली होती, की सुरी लावावी लागली. आणि मग ओतलं. भरपूर ओतलं. म्हटलं, आज हात आखडता घ्यायचा नाही…

…पाणी.

… पाणी म्हणजे पाणी, लिओना. नितळ पाणी… नाही, खराब झालं नव्हतं. डिप खराब होऊन त्याचं पाणी होतं का कधी? … नाही, पोस्टात कोणी बदललं नाही. लोकांना एवढंच काम आहे… तू जरा आठव. आपल्याकडच्या ड्रुरीच्या रिकाम्या बाटल्या कुठे जायच्या? … डोकं चालव. तपकिरी काच, घट्ट झाकण. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी आई पिशवीत घालून चर्चला काय न्यायची?

… हं. आलं लक्षात?

… पवित्र पाणी. हो. ईस्टरचं. फादरनी आशीर्वाद दिलेलं, वादळ आलं की घराच्या चारी कोपऱ्यांत शिंपडायचं ते… अगं सगळ्याच बायका त्याच बाटल्या आणायच्या. पिंपापुढे ही रांग. एक नवीन फादर आले होते, त्यांनी विचारलं होतं म्हणे, इथल्या लोकांना डिपलाही आशीर्वाद लागतो का… आणि तू ती बाटली इतकी वर्षं टूसॉनमध्ये मानाने फळीवर ठेवलीस. पाहुण्यांना दाखवलीस…

अगं रडतेस काय? … लिओना, इकडे ऐक. रडायचं काय त्यात? … नाही, मी रागावले नाही. तोही नाही. अगं कोणीच नाही… तपकिरी काच, वरून लेबल, तुला काय आत डोळे घालता येणार होते? … ऐक. पुढचं ऐक. बरं झालं गं बाई. देवाशपथ, बरं झालं…

मी आपली बाटली हातात धरून तशीच उभी. मनात म्हटलं, संपलं. आता हा उठणार, खोलीत जाणार, आणि सोमवारीच बाहेर येणार. हा ताटाकडे बघत बसला. मटण पाण्यात पोहतंय. मग याने सावकाश क्रुसाची खूण केली, आणि म्हणाला, "म्हातारी मेंढी मेल्यावर बाप्तिस्मा घेऊन कॅथलिक झाली."

… हो. हसला. अगं हसला म्हणजे काय, खोकला लागला त्याला, डोळ्यांतून पाणी, टेबलावर हात आपटतोय… आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. मला तर कळेना पाठ चोळू का मीही हसू…

मग मी ताट उचललं, पाणी सिंकमध्ये ओतायला. तर माझं मनगट धरलं. आईचाच मुलगा तो. पवित्र पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, मातीतच ओतायचं… बरोबरच आहे ना त्याचं. पण माझा गुडघा हा असा, मला पायऱ्या उतरवत नाहीत. मग तोच उतरला ताट घेऊन… हो, एकटा. कित्येक आठवडे अंगणात पाय टाकला नव्हता त्याने. टोमॅटोच्या मुळाशी ओतलं पाणी. मी दारातून बघतेय. ओतून झालं तरी हा परत येईना. बाबांच्या त्या मटण भाजायच्या चुलाणापाशी जाऊन उभा. त्यात पानं साचलीत, कोळ्यांनी जाळी केलीत. हा काठीने उपसायला लागला.

मी म्हटलं, ते मटण दे इकडे, मिल्ड्रेडच्या कुत्र्याला घालते. तर उलट मलाच शिकवतोय, की पवित्र पाणी पडलेलं कुत्र्याला घालतात का, का कचऱ्यात टाकतात. म्हणाला, कुणाला तरी खावंच लागेल. आता ओलं कसं खाणार, म्हणून विस्तव. विस्तव झाला, तर फासायला डिप नको का? …

हो, तोच करतोय. आत्ता. माझ्या डोळ्यांसमोर… म्हणून तर दारात उभी आहे. वुस्टर सॉस आण, लिंबू आण, मिरी ही नको, जाड कुटलेली आण. आवाज फाटलाय, पण हुकूम तोच, चर्चच्या पिकनिकला सगळ्या पुरुषांना नाचवायचा ना, तसा. दांड्याला फडकं बांधून कुंचासुद्धा केलाय… हो, बाबांसारखाच बांधलाय. बाबांच्या शेजारी उभं राहूनच शिकला ना तो कुंचा फिरवायला… काय म्हणतेस? … नाही, खाल्लं नाही अजून. शिजवतोय म्हणजे खाईलच असं कुठे आहे. मी तेवढी आशा धरत नाहीये… धरतेय. काय खोटं बोलू.

थांब हं. चमचा घेऊन येतोय…

… हं. … नाही रे, मस्त झालंय. … अरे मस्त म्हणते ना. … हो, मिरीही बरोबर आहे. …

गेला परत. लिओना, हळू बोलते. आंबटढाण झालंय. टाळू सोलून निघाली माझी. व्हिनेगरची बाटली उपडी केली की काय कोण जाणे… कशाला सांगू? त्याला थोडंच कळणार आहे. मघाशी म्हणाला, बर्नी, आज तू माझी जीभ हो. असं म्हणाल्यावर कुठल्या तोंडाने सांगू, बिघडलं म्हणून? आयुष्यभर ज्याच्या डिपला कोणी नाव ठेवलं नाही… कुंचा टाकून खोलीत जाऊन पडायचा. असू दे आंबट…

आणि तू ती माफी मागणं बंद कर. खरं डिप आलं असतं ना, तर काय झालं असतं सांगू? एक घास मोठ्या आशेने तोंडात घातला असता. चव लागली नसती. ड्रुरीचंही लागत नाही म्हटल्यावर त्याला वाटलं असतं, आता कशाचंच लागणार नाही. तिथेच खचला असता तो… तू पाणी पाठवलंस म्हणून तो अंगणात आहे, बाई. उन्हात. हातात कुंचा आहे. सोमवारी काय व्हायचं ते होवो, हे मी आज बघितलं. तुझ्यामुळे बघितलं… बरं, आईमुळे. तुझ्या आणि आईमुळे…

थांब. कुंचा ठेवला खाली. … मटण उलटतोय. … काट्याने तुकडा काढला. आता मला आणून देणार. … नाही. … लिओना, बोलू नकोस जरा.

… तोंडात घातला. … चावतोय. … थांबला. … हं, आता काढून टाकेल, रोज असंच… खिशात हात घालतोय, रुमाल काढणार… … नाही. … नाही काढला. … गिळला. … अगं गिळला. खोकला नाही काही नाही. … माझ्याकडे बघतोय. तोंड वाकडं केलंय. …

काय रे? … काय म्हणालास? …

… लिओना. … आहेस ना? … म्हणतोय, आंबट आहे. … अगं, आंबट झालंय म्हणतोय, आणि तू मस्त आहे म्हणून काय सांगितलंस म्हणतोय. … खोटारडी म्हणाला मला. …

… हो. … हो गं. त्याला आंबट लागलं. …

हो रे बाबा, मी खोटारडी. लहानपणापासूनच. म्हण, आणखी म्हण. …

नाही, रडत नाहीये. धूर येतोय इकडे. … तू आता नको ना सुरू करू. … काय, मेणबत्ती? … लावते, उद्या चर्चमध्ये लावते, दोघींच्या नावाने. आधी हा काय मागतोय ते बघू दे. … साखर. तांबडी साखर आण म्हणतोय, आंबटपणा मोडायला. … आणि ताट. … स्वतःसाठी गं, त्याच्या स्वतःसाठी. … ठेवते, लिओना, फोन ठेवते. मला दोन्ही हात लागतील.