अण्णांचा पहिला घास

कोणी विश्वास ठेवला नाही माझ्यावर, वकीलबाई — पोलिसांनी नाही, हॉस्पिटलात नाही. चौथी शिकलेली स्वैपाकीण, मालकावरचा राग काढतेय म्हणाले. आता त्या गेलेल्या पोरीच्या, भव्याच्या आईने तुम्हाला धाडलंय, तर बसा स्वल्प. कोणाचं नाव पाहिजे, मालकाचं, गिरीराजचं ना? घ्या. उद्या कोर्टात सांगते. कोंबडी बुळबुळीत झालेली, वास मारत होती, मी म्हटलं हिला हात लावणार नाही. तर म्हणाला लिंबू चोळ, मसाला वाढव, पीजी हॉस्टेलातल्या पोरींना काय कळतंय. मी चुलीपासून बाजूला झाले, त्याने दुसऱ्या स्वैपाक्याकडून, यल्लाप्पाकडून शिजवून घेतली. सरी, ठीक आहे, शिजव म्हटलं — मला काय भीती? अण्णा होते ना.

अण्णा म्हणजे प्रतापराव, त्याचे वडील. त्यांना कशाला मध्ये आणता, म्हातारा माणूस. माझा नवरा गेला तेव्हा त्यांनीच मला चुलीपुढे उभं केलं. बंगळुरात या मारतहळ्ळीत जेवण पुरवणारे ढिगाने, आमच्यापेक्षा स्वस्त — मग पीजीवाले आमच्याकडेच का यायचे? तर अण्णा रोज गाडी भरायच्या आधी, सगळ्यांसमोर, त्याच पातेल्यातलं ताटलीत घ्यायचे आणि उभ्याने खायचे. त्यांनी गिळल्याशिवाय झाकण लागायचं नाही. एकदा डाळ नुसती करपली तर अख्खं पातेलं ओतायला लावलं, वर मलाच म्हणाले, अक्का, तुझ्या घरी देशील का ही? त्या घासावर धंदा वाढला, बाई, जाहिरातीवर नाही.

त्या दिवशी? त्या दिवशीही होतेच की. नेहमीच्या जागी. मीच ताटली दिली हातात. मनात म्हटलं, आता बघ गिरीराज, थोबाडावर फेकतील तुझ्या. अण्णांनी घास उचलला, नाकाजवळ नेला — आणि ठेवला. खाली ठेवला हो. पोराकडे बघितलं. दारात गाडी चालू होती, पीजीवाल्याचे फोनवर फोन, उशीर झाला तर उद्यापासून दुसऱ्याकडे जाणार म्हणून. अण्णा मला म्हणाले, "आज माझा उपास आहे."

उपास! सकाळी माझ्याच हातच्या इडल्या खाल्लेल्या, चटणी परत मागून घेतलेली. मी म्हटलं, अण्णा, गाडी थांबवा. ते हात धुवायला गेले. यल्लाप्पा म्हणाला, अण्णा काही बोलले नाहीत म्हणजे ठीकच असेल — आणि लावलं झाकण.

काय म्हणालात? मग आजपर्यंत मी गिरीराजचंच नाव का सांगत होते? कारण — तुम्ही काय खोदून खोदून विचारता हो. त्यांचं मीठ खाल्लंय मी. गिरीराजला सिगारेटीपुढे कसला वास कळतो, तो नालायक आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, त्याच्या भरवशावर कोण जेवतं? ती पोर अण्णांच्या भरवशावर जेवली. महादेवपुऱ्यात नोकरी लागून महिना झाला नव्हता तिला. आणि त्यांना वास आला होता. मी त्यांचं तोंड बघितलंय.

उठा आता. उद्या कोर्टात येते. भव्याला कोणी मारलं म्हणून विचारा मला, सगळ्यांसमोर विचारा. सांगते — प्रतापराव.