पेणची थोरली, रोह्याची धाकटी

...आता तुम्हीच सांगा, अशानं झोप लागेल का माणसाला? आणि पगाराचं नाही हो म्हणत मी, पगार बरा आहे, मी पदाचं म्हणतेय. पेणला, रामवाडीच्या ऑफिसात, मी सीनियर कन्सल्टंट. कारखान्यात आग लागली तर माणसं कुठल्या दारानं पळणार ते तपासायचं, रिपोर्ट लिहायचा, सहा वर्षं हेच. आता घर घेतलंय रोह्याजवळ वरसेत, कारखाने तिथून जवळ धाटावला, म्हणून रोह्यातल्या फर्ममध्ये गेले, तर तिथले दिनानाथ सर कसे खुर्चीत रेलून, "मॅडम, पेणचा सीनियर म्हणजे आमच्याकडचा असोसिएट." का? वाटेतलं नागोठणं ओलांडलं की अनुभव गळतो?

मी म्हटलं, सर, पगाराचं नाही, मी पदाचं म्हणतेय. तर म्हणतात, "पदाचं काय घेऊन बसलात, नुसतं लेबल असतं हो ते." आता नुसतंच आहे तर द्या की मला... पण हे सुचलं कधी? घरी, कुकरची तिसरी शिट्टी झाल्यावर. तिथे मी काय म्हटलं? "थँक्यू सर."

सासूबाई, गिरजाबाई, वाल सोलत बसलेल्या. त्यांना सांगितलं, तर मान वर न करता म्हणतात, "अगो, म्हायेरात तू थोरली व्हतीस ना? मंग हितं? तुझ्या जावंपरीस, शकूपरीस, दोन वर्सांनी मोठी हायस, पन तिचा नवरा थोरला, तर हळदीकुंकवाचं वाण पयलं कोनाला? घर बदललं का मान पयल्यापासून मोजायचा." तुम्हाला सांगते, दिनानाथ सरांपेक्षा हे जास्त पटलं मला. पेन हातात घेतलं, असोसिएटच्या नेमणूकपत्रावर सहीच करणार होते.

पण पोरीची शाळापण बदललीय ना! आमची सरू, पाच वर्षांची, पेणला मोठ्या गटात. तर रोह्याच्या शाळेतल्या बाईंनी काल काय म्हणावं? "पेणचा मोठा गट म्हणजे आमचा छोटा गट, मॅडम." अगदी तेच वाक्य, खुर्चीत रेलणं तेवढं नाही. आणि मी? "थँक्यू बाई." आता मला सांगा, आईचं पद गेलं ते गेलं, पोरीचंही मीच घालवलं की नाही? रात्रभर हेच. सकाळी तिला सोडलं तेव्हा तिच्या तोंडाकडे बघवेना.

दुपारी आली. डबा रिकामा, वेणी सुटलेली. मी भीत भीत विचारलं, "कुठे बसवलं गो?"

"छोट्या गटात बसवत व्हत्या. मी नाय म्हटलं."

"मग?"

"मग मोठ्यात बसले."

"बाई ओरडल्या नाहीत?"

"नाय."

मी टेबलावरच्या त्या पत्राकडे बघितलं, पाचच्या आत सही करून पाठवायचंय. तिनंही बघितलं. म्हटलं, बाळा, मला पण छोट्या गटात बसवतायत. पगाराचं नाही गं, पदाचं.

सरू बूट काढता काढता म्हणाली, "आन् तू नाय म्हटलंच नाय?"